भेगेतले सतरा थर

घर विकायचं ठरलं की माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा हिंडायला लागतो. सहा वर्षं न्हाणीतला दिवा लागत नाही, तर कोणाचं काही अडत नाही; दार अर्धं उघडं ठेवून आंघोळी होतात. पण रविवारी गिऱ्हाईक घर पाहायला येणार म्हटलं, की सकाळी सातला माझा फोन वाजतो. "भाऊ, लवकर या, आमच्या बाथरूमात लय अंधार आहे!" अरे बाप्पा, मग सहा वर्षं काय उजेड होता का तिथे? ज्या कडीत घरच्यांची बोटं रोज चेमटली, ती कडी परक्याच्या बोटांसाठी बदलायची, याचं मला चाळीस वर्षं नवल वाटत आलं आणि अजूनही वाटतं.

मी डागडुजीवाला. मूळ मूर्तिजापूरचा. रंगाच्या बादलीपासून सुरुवात केली, मग गवंडीकाम, नळकाम, गच्चीकाम असं जे हाताला लागलं ते शिकत गेलो. निम्मं आयुष्य अकोल्यात गेलं, निम्मं अमरावतीत. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून लिहायला बसलोय. संपादक म्हणाले, घर विकणाऱ्यांना उपयोगी पडेल असं काही लिहा. उपयोगाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मला नंतर मोकळेपणी बोलता येईल.

होळी झाली की आमचा सीझन. शाळा सुटत आलेल्या, बदल्यांचे हुकूम निघत आलेले, पाडव्याला बोलणी करायची आणि अक्षय्यतृतीयेला व्यवहार. नव्यानं घरमालक झालेली माणसं, म्हणजे ज्यांनी जन्मात पहिल्यांदा घर घेतलं आणि आता पहिल्यांदाच विकतायत, ती हमखास एक चूक करतात. आधी रंग देतात. रंग वाळला की आठवतं, गच्चीची पन्हाळी कडुनिंबाच्या पाल्यानं बुजलीय. ती साफ करताना कळतं की पाइप फुटलाय. मग नळवाला येऊन नव्या रंगावर छिन्नी चालवतो. मी सगळ्यांना एकच सांगतो: वरून खाली या, बाहेरून आत या, आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. दहातले नऊ जण मान डोलावतात आणि संध्याकाळी रंगाच्या दुकानात दिसतात.

वऱ्हाडातलं गिऱ्हाईक काही रंगाला भुलत नाही. ते येतं, बोअर चालू करायला सांगतं, ओंजळभर पाणी पिऊन पाहतं. आमच्याकडे खारपाणाचा पट्टा आहे. एका गल्लीत पाणी गोड आणि पलीकडच्या गल्लीत मीठ. अकोल्यात एका आजोबांनी चप्पल काढून अख्ख्या घरात अनवाणी फेऱ्या मारल्या होत्या. मी विचारलं, काय पाहता जी? म्हणाले, "फरशी कुठं दबली ते डोयाले दिसत नाही, तयपायाले दिसते." तेव्हापासून मीही कुठल्या घरात कामाला गेलो की आधी अनवाणी फिरतो. बायको म्हणते, तुम्हाला येड लागलंय.

नमुने एकेक भेटले. मूर्तिजापूरला एकानं माझ्याकडून फाटकावरचं आपलं नाव घासून काढून घेतलं, कारण नाव पाहून गिऱ्हाइकाला घर दुसऱ्याचं वाटतं म्हणे. घर विकलं गेलं, ताबा द्यायला पंधरा दिवस होते, तर हा पुन्हा हजर. "तेवढं नाव परत लिहून देता का? पंधरा दिवस तं माह्यंच आहे ना." लिहून दिलं.

पण सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. खरं तेही सांगतो. अकोल्यात एका रो-हाऊसच्या भिंतीला लोणा लागला होता. म्हणजे जमिनीतलं खारं पाणी विटांतून वर चढतं, प्लास्टर फुगतं, हात लावला की पांढरी भुकटी पडते. त्याला औषध आहे, पण वेळखाऊ. मालकाला महिन्यात घर विकायचं होतं. तो म्हणाला, झाकून टाका. मी लाकडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची शीट कंबरेपर्यंत मारून दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. घर विकलं गेलं. दोन वर्षांनी त्याच घरातून फोन आला. नव्या मालकीणबाई शाळेत शिकवत, ती शीट मीच मारली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. शीट उचकटली तर मागून अर्धं टोपलं भुकटी सांडली, त्यांच्या पोराच्या पुस्तकांवर. बाई म्हणाल्या, "कोन्या हरामखोरानं लावलं असंन हो हे?" मी म्हणालो, "असंन कोणी." आणि भिंत नीट करून दिली. पण खरं सांगितलं नाही ते नाहीच.

हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण पुढच्या गोष्टीत मी कोणी फार सज्जन माणूस आहे असा तुमचा समज व्हायला नको.

शोभाताईंचा फोन आला तो होळीनंतरच्या आठवड्यात. अमरावतीला बडनेऱ्याच्या बाजूच्या एका ले-आउटमध्ये त्यांचं बैठं घर. शोभाताई सरकारी दवाखान्यात सिस्टर. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, एक मुलगी, ती नागपूरला नांदते. घरात त्या आणि त्यांचे वडील किसन मिस्त्री. मिस्त्रींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला; उजवा हात लुळा, डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळे. शोभाताईंना एकटीला त्यांना उचलवेना. नागपूरला बदली मंजूर झाली होती, मुलीच्या शेजारीच तळमजल्याचा फ्लॅट मिळत होता. फ्लॅटवाला अक्षय्यतृतीयेपर्यंत थांबतो म्हणाला होता. तेवढ्यात हे घर विकलं गेलं पाहिजे, नाहीतर फ्लॅट गेला आणि बाबांना उचलायला दुसरं माणूस नाही. असा सगळा मामला.

हे त्यांच्या चार पिढ्यांतलं पहिलं पक्कं घर. किसन मिस्त्रींनी जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली. हे एक लेकीच्या पगारातून उभं राहिलं, आणि त्यातली वीट न् वीट त्यांनी स्वतः लावली. गृहप्रवेश चौदा एप्रिलला केला. नंतर दरवर्षी जयंतीच्या आधी ते स्वतः अख्खं घर रंगवत. झटका आला तेव्हा ते बंद पडलं.

घर पाहायला तीन गिऱ्हाइकं येऊन गेली होती, आणि तिघांनीही हॉलच्या कोपऱ्यातली भेग पाहून चहा अर्धा ठेवला होता. खिडकीच्या खालच्या टोकापासून तिरपी निघून जमिनीपर्यंत गेलेली, रुपयाचं नाणं आत सरकेल एवढी. त्यातला एक तर मिस्त्रींच्या खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "बांधणाऱ्यानं माल खाल्ला वाटते." शोभाताई ताडकन बोलल्या, "माह्या बाबानं बांधलं हे घर. चारही कोपरे मुरुमापर्यंत नेले आहेत. अख्ख्या ले-आउटात असा पाया नाही कोणाचा."

पाया मुरुमापर्यंत नेणं म्हणजे काय ते सांगतो. आमची काळी माती कापसाला सोन्यासारखी, घराला वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर उभी भिंत वर्षाकाठी एकदा वर, एकदा खाली होते. म्हणून इथला शहाणा गवंडी काळी माती संपून खालचा कडक मुरूम लागेपर्यंत खणतो. मुरूम हलत नाही. मग घरही हलत नाही. हे इथलं पोरसोर सांगेल, पण प्रत्यक्षात खणताना कंबर मोडते आणि बरेच जण हातभर आधी थांबतात.

"दोन वर्षांआधी या भिंतीले नखाएवढी भेग नव्हती," शोभाताई म्हणाल्या. "आता कुठून आली? तुमी शोधून काढा."

आणि मी शोधायला लागलो. माझा स्वभावच तसा. दुसरा मिस्त्री अर्ध्या तासात लांबी भरून मोकळा झाला असता. लांबी म्हणजे आता ज्याला सगळे पुट्टी म्हणतात ती. मला मात्र प्रश्न पडला, की अठरा वर्षं गपगार बसलेलं घर विसाव्या वर्षी एकाएकी का तडकावं? मी भेगेवर आडवी काचेची एक पट्टी प्लास्टरनं चिकटवली, शेजारी पेन्सिलनं तारीख टाकली. भिंत हलत असेल तर काच तडकते. काच आठव्या दिवशी तडकली. म्हणजे भेग जिवंत होती.

पहिला संशय आला कूलरवर. त्या कोपऱ्याच्या खिडकीतच कूलर, आणि त्याचं पाणी ठिबकून नेमकं पायाशी मुरत होतं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "चोर सापडला!" कूलर दुसऱ्या खिडकीत नेला, नवी काच लावली. तीही तडकली. मग शेजाऱ्याच्या कडुनिंबावर संशय घेतला, की झाडानं जमिनीतलं पाणी ओढलं असावं. शेजारी मोठा भला माणूस, म्हणाला, मुळं शोधा, सापडली तर झाड तोडतो. मी दोन दिवस खणलं, मुळं भलत्याच दिशेला गेलेली. शेजारी हसून म्हणाला, "का मिस्त्री, माह्या झाडाची माफी मागा." मागितली. माझी हुशारी दोनदा तोंडावर पडली होती, आणि अक्षय्यतृतीया तीन आठवड्यांवर आली होती.

या सगळ्या दिवसांत किसन मिस्त्री एक शब्द बोलले नव्हते. मी छिन्नी उचलली की त्यांची मान माझ्याकडे वळायची, इतकंच. मला वाटलं, झटक्यानं वाचा गेली असेल.

तिसऱ्या आठवड्यात मी भेगेची कड छिन्नीनं थोडी उघडली, आत किती खोल जाते ते पाहायला. बोटाएवढा एक पोपडा निघून हातात आला. उजेडात धरला आणि पाहतच राहिलो. त्याच्या कडेला रेघा होत्या. पांढरी लांबी, मग निळा रंग; पुन्हा लांबी, मग पिस्ता; लांबी, गुलाबी; लांबी, फिका पिवळा. मी चष्मा पुसून मोजल्या. सतरा थर होते.

भेग दोन वर्षांपूर्वीची नव्हतीच. ती घराएवढीच जुनी होती. कोणीतरी दरवर्षी ती भरत आलं होतं, वरून रंग मारत आलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी त्याचा हात थांबला होता.

मी मागे वळून खाटेकडे पाहिलं. शोभाताई ड्यूटीवर गेल्या होत्या. मी पोपडा नेऊन मिस्त्रींच्या डाव्या तळहातावर ठेवला. ते अंगठा त्याच्या कडेवरून हळूहळू फिरवत राहिले.

"मोजले?" त्यांनी विचारलं. आवाज स्वच्छ होता.

"सतरा."

"अठरा पाह्यजे. एक बारीक असंन. त्या सालात पानी चांगलं झालतं, भेग कमी फाकली."

मग ते सांगत गेले आणि मी खाटेच्या पायाशी बसून ऐकत गेलो. पाया त्यांनी डिसेंबरात खणला होता. तीन कोपऱ्यांत मुरूम लागला. चौथ्या कोपऱ्यात मुरूम खाली खाली जात होता. पूर्वी कधी तिथे नाला असावा. आणखी आठ-दहा दिवस खणावं लागलं असतं. लेकीनं सगळ्या दवाखान्याला सांगून ठेवलेलं, की चौदा एप्रिलला माझ्या घरी या. "मनलं, दोन हात काळी राहिली तं काय होते? दुसऱ्या कोण्या मिस्त्रीनं असं केलं असतं तं मी त्याच्या थोबाडीत देली असती. सोताच्या लेकीच्या घरात केलं." पुढच्याच उन्हाळ्यात केसाएवढी भेग पडली. ती भरली. मग दरवर्षी.

मला यातही कारागिराचा प्रश्न सुचलाच. "पण मिस्त्री, तुमी एवढे जाणते. उन्हाळ्यात भेग सगळ्यात जास्त फाकलेली असते. तेव्हा भरली की पावसाळ्यात भेग मिटताना तीच लांबी पाचरीसारखी बसते, आणि भेग वर्षावर्षाला रुंद होते. हे तुमाले माहीत होतं. दिवाळीत काहून नाही भरली?"

"दिवाळीत एक कोपरा रंगवला असता तं पोरीनं इचारलं असतं, काहून. जयंतीले घर रंगते ना जी. जयंतीले कोन इचारते?"

ज्या रंगकामाचं सगळी गल्ली कौतुक करायची, म्हातारा दरवर्षी किती उमेदीनं घर सजवतो म्हणायची, त्याच्याआड बिचारा अठरा वर्षं हे लपवत आला होता. मला त्यांचा राग आला नाही. फार वाईट वाटलं, कारण माझ्या अकोल्याच्या शीटमागे मीही उभा होतो.

"भरून टाका," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुमचा, आवाजावरून समजते. घर इकू द्या पोरीले. ती मले काय समजते, ते तुमी आयकलंच आहे. तेवढं राहू द्या."

मी भरतो म्हटलं नाही, भरत नाही असंही म्हटलं नाही. "पाहू" म्हणालो आणि घरी आलो. तीन दिवस तिकडे फिरकलोच नाही. शोभाताईंचे फोन आले, तर सांगितलं, कंबर धरलीय.

चौथ्या दिवशी रविवार होता. शोभाताईंनी रिक्षाच पाठवली. नवं गिऱ्हाईक आलं होतं. तिवस्याकडचा एक तरुण ग्रामसेवक आणि त्याची बायको. त्यांचंही आयुष्यातलं पहिलंच घर. घर त्यांना आवडलं होतं. बाईनं बोअरचं पाणी पिऊन पाहिलं होतं, स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून कोपर कुठे लागतं ते पाहिलं होतं. आता दोघं भेगेसमोर उभे होते, आणि शोभाताई आपलं नेहमीचं वाक्य बोलत होत्या. "चारही कोपरे मुरुमात आहेत. ही भेग वरवरची आहे." मग माझ्याकडे वळून, "तुमी सांगा ना जी. महिनाभर तपासून राहिले तुमी. घर मजबूत आहे की नाही?"

माझ्या शर्टाच्या खिशात तो पोपडा होता. मी तोंड उघडलं. त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघणार होतं, हे मला आजही माहीत नाही. खरं निघालं असतं असं लिहायला मला आवडेल, पण खात्री नाही.

"तीन," खाटेवरून आवाज आला.

सगळे वळले.

"तीन कोपरे मुरुमात आहेत. हा चौथा नाही. इथं खाली दोन हात काळी माती सोडली मी. भेग पयल्याच सालापासून आहे. मी भरत होतो."

शोभाताई म्हणाल्या, "बाबा, काय बोलून राहिले तुमी?"

"खरं बोलून राहिलो. तू चार म्हनतं, तवा तवा मले खाटेवर पडवत नाही बाई. आता या पोराइनं पयलं घर पाह्यलं. तू बी पयलंच बांधलं होतं."

ग्रामसेवक गोंधळून बायकोकडे पाहायला लागला. शोभाताई आत गेल्या, आणि स्वयंपाकघरात नळ जोरात सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. हे गिऱ्हाईक गेलं, फ्लॅट गेला, आणि बापलेकीत जे होतं तेही गेलं.

ग्रामसेवकाची बायको खाटेजवळ गेली. खाली बसली आणि तिनं विचारलं, "बाबा, बाकीचे तीन नक्की?"

"खणून पाहा."

"खणत नाही," ती उठत म्हणाली. मग नवऱ्याला, "अहो, ज्यानं न इचारता चौथा सांगितला, त्याचे तीन खरे असतीन. हा कोपरा नीट होते का, तेवढं या मिस्त्रीले इचारा."

होतं. ते काम मी याआधी आयुष्यात चारदा केलं होतं. पायाच्या खाली पाया घालायचा. सगळा कोपरा एकदम उघडा करायचा नाही, नाहीतर भिंत अंगावर येते. दोन-दोन हातांचा एकेक तुकडा खणायचा, मुरुमापर्यंत जायचं, काँक्रीट भरायचं, ते घट्ट होईतो थांबायचं, मग पलीकडचा तुकडा. मी ओळखीच्या इंजिनीअरसाहेबांना आणून जागा दाखवली, त्यांनी मान्यता दिली. ग्रामसेवक म्हणाला, मुरूम लागलेला मला डोळ्यांनी दाखवा, मग आपण सौदा लिहून घेऊ. नागपूरचा फ्लॅटवालाही आठवडाभर जास्त थांबायला तयार झाला. असे सगळे अडथळे दूर झाले, एक सोडून. शोभाताई बाबांशी बोलत नव्हत्या.

सगळं करत होत्या. वेळेवर औषध, आंघोळ, जेवण, कूस बदलणं. पण मुक्यानं. मला एकदा चहा देताना म्हणाल्या, "घर गेलं असतं तं चाललं असतं भाऊ. वीस वर्षं मी सगळ्याइले सांगत होती, माह्या बाबासारखा पाया कोणी काढत नाही. दवाखान्यात डॉक्टरलोकाइले सुद्धा सांगत होती. एकदा मले सांगितलं असतं. मी काय चौदा एप्रिलसाठी रडत बसली असती? पुढच्या वर्षी केला असता प्रवेश." मी चहा पिऊन कप तिथेच ठेवला आणि कामाला लागलो.

मिस्त्रींनी हट्ट धरला, की मला खड्ड्याजवळ बसवा. मी आणि माझा जुना मजूर गजानन, आम्ही दोघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत उचलून अंगणात, भिंतीच्या सावलीत बसवलं. डोक्यावर ओला दुपट्टा. मग खणायला लागलो. एप्रिलचं ऊन, पण खाली माती थंड आणि चिकट, घमेल्याला लागली की सुटेना. पहिल्या दिवशी जुन्या पायाचा तळ लागला. बांधकाम असं पक्कं, की सब्बल, म्हणजे पहार, उसळून परत आली. त्याच्या खाली मात्र काळी माती. मिस्त्री दर थोड्या वेळानं विचारायचे, "कशी आहे?" मी म्हणायचो, "काळीच." दोन हात झाले, तरी काळीच. त्यांचा अंदाजही चुकला होता. अडीच हात झाले. मला धास्ती वाटायला लागली, की नाल्याची जागा, मुरूम फार खोल असला तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी शोभाताई ड्यूटीवरून आल्या, त्याच पांढऱ्या कपड्यांत येऊन खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या. तेवढ्यात गजाननची सब्बल खण्णकन वाजली. मी त्याला थांबवलं. खुर्चीतून मिस्त्री पुढे झुकले.

"लागला," ते म्हणाले. "हा लागला."

मी खाली वाकून हातानं माती बाजूला केली. पिवळसर, कडक, खडेदार. अजून दोन ठिकाणी ठोकून पाहिलं, सगळीकडे तोच. वर पाहिलं तर शोभाताई चप्पल काढून शिडीनं खाली उतरत होत्या. मी म्हणालो, "ताई, कपडे खराब होतीन." त्यांनी ऐकलं नाही. खाली येऊन वाकल्या, बोटांनी उकरून मूठभर मुरूम घेतला, तशाच वर चढल्या आणि बाबांच्या डाव्या हातात तो ठेवला.

"चारही, बाबा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी मूठ मिटली, उघडली, खडे अंगठ्यानं चोळून पाहिले. मग म्हणाले, "तुह्या हातानं लागला बाई. माह्या हातानं नाही लागला."

शोभाताई त्यांच्या खुर्चीपाशी मातीतच बसल्या आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागल्या. गजानन शिडीकडे निघाला होता, त्याला मी हात धरून थांबवलं. खाली काही काम उरलं नव्हतं. तरी आम्ही दोघं त्या खड्ड्यात खाली माना घालून बराच वेळ माती सारखी करत राहिलो.